स्पॅनिश शिकायला स्पेनला जायचंय: सालामांका, ग्रानादा की व्हॅलेन्सिया?

काजूगर

नमस्कार मंडळी. रत्नागिरीहून लिहितेय. बी.ए. यंदा संपतंय. स्पॅनिश ऑनलाइन शिकतेय, ए२ पातळी झाली. पावसात लाईट गेली की वर्ग बुडतो, त्यामुळे पुढची बी१ पातळी रखडलीय. सप्टेंबरपासून काही महिने स्पेनमध्येच राहून शिकावं असं घरात ठरलंय. म्हणजे आईचं ठरलंय, बाबा अजून 'बघू'वर आहेत.

शहर मात्र ठरत नाहीये. यादीत सालामांका, ग्रानादा आणि व्हॅलेन्सिया आहेत. माद्रिद-बार्सेलोना खर्चामुळे आधीच बाद. मला नुसतं वर्गात बसायचं नाहीये. शहर पायी फिरायचंय, बाजारात तोंड उघडायचंय. जे राहून आलेत त्यांनी लिहा प्लीज, 'स्पेनमधली दहा सुंदर शहरं' छापाचे लेख वाचून झालेत. मासे खाते, भाताशिवाय भागत नाही, हेही हिशोबात धरा.

डोलकाठी

अभिनंदन पोरी. मी हर्णैचा, आयुष्य बोटीवर गेलं, आता घरी. व्हॅलेन्सियाला आमची बोट बऱ्याचदा लागायची. भूमध्य समुद्रावरच्या मोठ्या बंदरांपैकी एक. हल्ली कंटेनरच्या बोटी काही तासांत सुटतात, खलाशाला क्रेनशिवाय काही दिसत नाही. पण पूर्वी दोन दिवस मिळायचे आणि आम्ही पायी भटकायचो.

बंदराला लागूनच एल काबान्याल म्हणून जुनी कोळ्यांची वस्ती आहे. बैठी नाहीतर एकमजली घरं, दर्शनी भिंतींना रंगीत टाईल्स, कुठे हिरव्या, कुठे निळ्या, आणि गल्लीच्या टोकाला समुद्र. मध्यंतरी तिथून मोठा रस्ता काढायचा घाट घातला होता. लोक वर्षानुवर्षं भांडले आणि वस्ती राखली. तिथल्या म्हाताऱ्या संध्याकाळी खुर्च्या टाकून दारात बसतात. खलाशाचं मोडकंतोडकं स्पॅनिश ऐकून घेणारं गिऱ्हाईक मला तिथेच भेटलं. माझं मत व्हॅलेन्सियाला.

पाचोळा

शहराच्या आधी एक बोलतो, मग शिव्या घाला. मी पुण्यात स्पॅनिश शिकवतो, मूळ गाव राजापूर. शून्यावरची मुलं हौसेने तिकडे जातात आणि पहिले दोन महिने क्रियापदांची रूपं घोकण्यात घालवतात. ती इथे अंगणात बसूनही घोकता येतात, त्यासाठी युरो कशाला मोजायचे? व्याकरण इथे उरकायचं आणि तिकडे बोलायला जायचं. काजूगर, तू ए२ आहेस, म्हणजे जायला हरकत नाही. पण भूतकाळाची दोन्ही रूपं आणि सब्जंक्टिव्हची, म्हणजे इच्छा-शंका दाखवणाऱ्या रूपांची, तोंडओळख करूनच विमानात बस. स्पेनचा ऑनलाइन शिक्षक उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला वर्ग घेतो तेव्हा आपल्याकडे साडेनऊ वाजलेले असतात, जेवण उरकून बसता येतं.

डेले की सिएले, स्पॅनिशच्या परीक्षेचंही आधी ठरव. डेले हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. त्यात वाचन-लेखन असा एक गट आणि ऐकणं-बोलणं असा दुसरा, प्रत्येकी ५० गुण, आणि दोन्हींत ३०-३० मिळालेच पाहिजेत. एकात पन्नासपैकी पन्नास मिळवून दुसऱ्यात २९ मिळाले तर नापास. आपल्या मुलांचा बळी हमखास दुसऱ्या गटात जातो. सिएले संगणकावर होते, त्यात पास-नापास नाही, एकूण हजारपैकी गुण येतात, निकाल तीन आठवड्यांत, पण प्रमाणपत्र पाचच वर्षं धरतात. नोकरीसाठी घाई असेल तर सिएले, नाहीतर डेले.

शहर म्हणशील तर डोळे मिटून सालामांका. विद्यापीठ १२१८ सालचं. गावात विद्यार्थीच विद्यार्थी, उच्चार स्वच्छ, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जाता येतं. विद्यापीठाच्या कोरीव दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला एक बेडूक आहे. जो विद्यार्थी कुणी न दाखवता तो शोधेल तो पास होतो म्हणतात. माझे विद्यार्थी फोनवर आधीच फोटो बघून जातात आणि मग निकालाला नावं ठेवतात.

रानमेवा

शहर मागीर ठरवा. आदी पैसे खंयसून येतले ता बघा. माझो भाचो गेल्लो थंय, अर्धे पैसे भाड्यातच गेले. आणि रातचा जेवाण धा वाजता! आमची तवसर एक झोप काडून होता.

तांबडी_माती

वेंगुर्ल्याची आहे. व्हॅलेन्सियात राहून शिकले, नंतर तिथे थोडं कामही केलं. सविस्तर लिहिते, कारण तू 'बाजारात तोंड उघडायचंय' म्हणालीस ते मला पटलं.

पहिली गोष्ट, वर्ग सकाळी नऊ-साडेनऊला सुरू होऊन दुपारी एक-दीडला संपतो. आठवड्याला २० तासांचा कोर्स बहुतेक ठिकाणी असाच असतो. पुढचा अख्खा दिवस तुझा. इथेच मुलं दोन वाटांनी जातात. वर्गात जर्मन, इटालियन, कोरियन, ब्राझिलियन अशी मिसळ असते आणि मधल्या सुट्टीत सगळे इंग्रजीवर येतात. त्यांच्याबरोबर फिरायला लागलीस की तुझं इंग्रजी सुधारेल. म्हणून राहायचं एखाद्या घरात, शक्यतो जिथे बाईला इंग्रजी अजिबात येत नाही तिथे. शाळेला तसं लिहून कळवता येतं. माझ्या घरमालकीणबाई मी चुकीचं रूप वापरलं की पुढे बोलूच द्यायच्या नाहीत. ताट हातात धरून उभ्या राहायच्या, वाक्य दुरुस्त झालं की ताट टेबलावर.

दुसरं, फिरणं. सगळ्यांचे फोटो त्या पांढऱ्या, माशाच्या सांगाड्यासारख्या कला-विज्ञान नगरीचे असतात. बघ, पण तिथे बोलायला कुणी मिळत नाही. खरं शहर तुरियाच्या पात्रात आहे. १९५७ साली ऑक्टोबरात मोठा पूर आला, त्यानंतर नदीच शहराबाहेरून वळवली. कोरड्या पात्रातून मोटाररस्ता काढायचा सरकारचा बेत होता. लोकांनी तो हाणून पाडला, आणि आज तिथे जवळजवळ नऊ किलोमीटर बाग आहे, जुन्या पुलांखालून जाणारी. संध्याकाळी अख्खं शहर तिथे असतं. कुत्रा घेऊन आलेल्या माणसाशी बोलायला कुठल्याही कारणाची गरज नसते, कुत्र्याचं नाव विचारायचं.

तिसरं आणि माझं सगळ्यात आवडतं, गुरुवार. कॅथेड्रलच्या अपोस्टल्सच्या दारात दुपारी बाराच्या ठोक्याला पाण्याचं न्यायालय भरतं. भोवतालच्या शेतीला पाणी देणारे आठ कालवे, प्रत्येकाचा एक निवडून दिलेला शेतकरी, काळे अंगरखे घालून अर्धगोलात लाकडी खुर्च्यांवर बसतात. हातात पितळी टोकाचा दांडा घेतलेला एक माणूस एकेका कालव्याचं नाव पुकारतो आणि विचारतो, तक्रार आहे का कुणाची. वकील नाही, कागद नाही, सगळं तोंडी. निकाल जागच्या जागी आणि अपील नाही. बहुतेक गुरुवारी तक्रार नसतेच, पाच-दहा मिनिटांत सगळे उठतात आणि पर्यटक एकमेकांकडे बघत राहतात. युनेस्कोने २००९ मध्ये याला वारसा यादीत घेतलं. बांधावरून पाणी वळवलं म्हणून दोन पिढ्या कोर्टात गेलेली घरं ज्याने बघितलीत, त्याने तिथे उभं राहावंच. मात्र भाषा व्हॅलेन्सियन असते, स्पॅनिश नाही, त्यामुळे पहिल्यांदा काही कळत नाही. बाजूच्या आजोबांना विचारायचं. ते नको इतकं समजावतात.

भाताचं टेन्शन घेऊ नकोस. शहराच्या दक्षिणेला आल्बुफेरा नावाचं मोठं सरोवर आहे आणि त्याच्या कडेने भातशेती. सप्टेंबरात कापणी चालू असते, शहरातून बसने एल पाल्मारपर्यंत जाता येतं. पण पाएया म्हणजे माशांचा भात, हे डोक्यातून काढ. अस्सल व्हॅलेन्सियन पाएयात कोंबडी, ससा आणि दोन प्रकारच्या शेंगा-बिया असतात, आणि ती दुपारी खातात. रात्री पाएया मागवणारा तिथला नाही हे वेटरला लगेच कळतं. माशांच्या रश्शात शिजवलेला हवा असेल तर 'आर्रोस आ बांदा' मागायचा. आणि दाणा कच्चट लागतो अशी तक्रार करायची नाही, त्यांना तो तसाच आवडतो.

काजूगर

तांबडी_माती ताई, बाबांना हे वाचून दाखवलं. पाण्याच्या न्यायालयाशी आल्यावर ते 'परत वाच' म्हणाले. आमचा पण बांधाचा वाद आहे 😄

पाचोळा सर, भूतकाळाची दोन रूपं अजून गोंधळतात, कबूल. पण व्हॅलेन्सियात दुसरीच भाषा चालते हे मला माहीतच नव्हतं. मग तिकडे जाऊन स्पॅनिश कसं होणार?

पाचोळा

हाच माझा मुद्दा. पाट्या व्हॅलेन्सियनमध्ये, मेट्रोतल्या सूचना आधी व्हॅलेन्सियनमध्ये, रस्त्याला 'काय्ये' शिकवलंय तर भिंतीवर 'कारेर' लिहिलेलं. बी१च्या विद्यार्थ्याच्या डोक्याला हा जास्तीचा ताप आहे. एकदा भाषा पक्की झाली की खुशाल जा.

तांबडी_माती

सर, आदर ठेवून असहमत. शहरात तुमच्याशी प्रत्येक माणूस स्पॅनिशच बोलतो, दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात. आमच्याकडे मूल घरात मालवणी ऐकतं, शाळेत मराठी लिहितं, एसटीत कंडक्टरशी तिसरंच काहीतरी बोलतं, आणि कुणी त्याला 'जास्तीचा ताप' म्हणत नाही. पाट्यांनी आठवडाभर गोंधळ होतो, बस्स.

सालामांकाबद्दल मात्र एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. ते समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री पाणी गोठतं. रत्नागिरीची मुलगी, जिने अंगात स्वेटर घातलाय तो महाबळेश्वरच्या सहलीला, ती तिथे संध्याकाळी बाहेर पडेल की खोलीत हीटरला चिकटून बसेल? भाषा बाहेर आहे.

पाचोळा

थंडीचा मुद्दा मान्य. बाकी नाही. 🙂

एक मात्र सगळ्यांसाठीच. मराठी मुलांना 'मे गुस्ता' पाठ करायला लावू नये. इंग्रजीवरून आलेल्यांना ते उलटं वाटतं, आपण तर रोज 'मला आवडतं' असंच बोलतो. आवडणारी गोष्ट कर्ता, आपण 'ला' लावून बाजूला. 'मे दुएले'ही तसंच, 'मला दुखतं'. इंग्रजीतून भाषांतर करायचं थांबवलं की धड्यांची दोन पानं आपोआप सुटतात. त आणि द सुद्धा आपले दंत्यच आहेत, तिथे काही नव्याने शिकायचं नाही.

सातभाई

ग्रानादाची बाजू कुणीच घेतली नाही म्हणून मी. विद्यापीठ १५३१चं, परदेशी विद्यार्थ्यांसाठी भाषाकेंद्र जुनं आणि चांगलं. पेय मागवलं की बशीभर खाणं फुकट येतं, विद्यार्थ्याचं रात्रीचं जेवण त्यात भागतं. आल्बाइसिन या जुन्या वस्तीच्या चढणीवरून समोर आलांब्राचा किल्ला-राजवाडा, मागे सिएर्रा नेवादाचा बर्फ. चढ-उतारांची सवय आपल्याला आहेच. आलांब्राचं तिकीट मात्र नावावर असतं, पासपोर्ट लागतो आणि आधीच संपतं. पोचल्यावर बघू म्हणालीस तर बाहेरूनच बघशील.

अडचण उच्चारांची. ग्रानादा आंदालुसिया प्रांतात येतं, आणि तिथे शब्दाच्या शेवटचा स गिळतात. 'लोस आमिगोस'चं 'लो आमिगो' होतं. सुरुवातीला वाटतं आपल्याला ऐकूच कमी येतंय. पण तिथे कान तयार झाला की मग कुठेही अडत नाही, डेलेच्या ऐकण्याच्या भागात तर नाहीच.

शाकाहारी वाचकांसाठी जाता जाता: 'सिन कार्ने', म्हणजे 'मांसाशिवाय', म्हणून मागवलं तरी वर हॅमचे तुकडे येऊ शकतात, सॅलडमध्ये टूना तर हमखास. हॅम नको, मासा नको, असं एकेक नाव घेऊन सांगायचं.

टपालहंशील

सगळे शहरात रमलेत, व्हिसाचं कुणी बोलत नाही. भाचीचे कागद मीच जमवले होते, त्यावरून सांगतो.

९० दिवसांपर्यंतच्या कोर्सला शेंगेन व्हिसा पुरतो. त्यावर गेलात की विद्यार्थी व्हिसा. आणि १८० दिवस ओलांडले की पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि वैद्यकीय दाखला वाढतो. त्यातल्या पोलिसांच्या दाखल्याला अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, मग अधिकृत अनुवादकाकडून स्पॅनिशमध्ये भाषांतर. शिवाय तिथे पोचल्यावर एका महिन्याच्या आत परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज, त्याची वेळ मिळवणं हे वेगळंच प्रकरण. काजूगर, तू 'काही महिने' म्हणतेयस. कोर्स सहा महिन्यांच्या आत बसवलास तर हे जास्तीचं शेपूट गळून पडतं. मी असतो तर तेच केलं असतं.

पैशांचा निकष तिथल्या आयप्रेम नावाच्या सरकारी आकड्यावर ठरतो, महिन्याला ६०० युरो धरतात. तेवढे खात्यात दाखवायचे. तेवढ्यात भागतं असा अर्थ कुणी काढू नका. स्पेनचे परदेशी नागरिकांविषयीचे नियम २० मे २०२५ पासून बदललेत, म्हणून त्याआधीचे यूट्यूब व्हिडिओ बघून कागद जमवू नका. मुंबईच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर जे लिहिलंय तेच धरा, आणि शाळेचे पैसे भरण्यापूर्वी ती शाळा व्हिसासाठी चालते का हे लेखी विचारा. खोलीचे आगाऊ पैसे न बघता कुणालाही पाठवायचे नाहीत, फोटो कितीही गोड असले तरी.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा, स्पॅनिशशी संबंध शून्य. तुरियावरून आठवलं. २०२४च्या ऑक्टोबरात व्हॅलेन्सियाला पूर आला तो याच नदीचा का? आम्ही २२ जुलै २०२१ बघितलाय, त्यामुळे अशा बातम्या वाचल्याशिवाय राहवत नाही.

तांबडी_माती

नाही, तो मुख्यतः शहराच्या दक्षिणेकडच्या ओढ्यांचा. एरवी ते कोरडे ठणठणीत असतात. पाइपोर्ता, काताररोखा ही गावं बुडाली, दोनशेहून जास्त माणसं गेली. खुद्द शहर बरंचसं वाचलं ते १९५७ नंतर खोदलेल्या नव्या पात्रामुळे. पण ते पात्र ज्या बाजूने काढलंय त्याच बाजूला ही गावं आहेत. माझ्या ओळखीच्या बाईंचं दुकान पाइपोर्तात होतं. पाणी आलं तेव्हा तिथे पाऊसही नव्हता, डोंगरात पडला होता, आणि मोबाईलवर इशारा आला तोवर पाणी कमरेला लागलं होतं. तुम्हाला वेगळं सांगायला नको. काजूगर, हे घाबरवायला नाही लिहीत. पण सप्टेंबर-ऑक्टोबर हेच तिकडचे धोक्याचे महिने. तळमजल्याची खोली स्वस्त मिळाली तरी आजूबाजूला ओढा कुठे आहे ते नकाशात बघून घे.

वाशिष्ठीकाठ

धन्यवाद. इशारा उशिरा, हे आमचंही.

डोलकाठी

मासळीचं राहिलं. मेर्कादो सेंत्राल म्हणून लोखंड-काचेचा मोठा बाजार आहे, १९२८चा. दुपारी तीनला बंद, रविवारी बंद, म्हणून वर्ग सुटल्या सुटल्या पळायचं. तिथे कुणाच्या पुढे घुसायचं नाही. रांग दिसत नाही पण असते. पोचल्यावर मोठ्याने विचारायचं 'किएन एस एल उल्तिमो', म्हणजे शेवटचा कोण. जो हात वर करेल त्याच्यानंतर तू. हे एक वाक्य नीट आलं की अर्धं व्हॅलेन्सिया तुझं.

बांगडा मिळतो, काबाय्या म्हणतात. पेडव्याच्या जवळची सार्डिन, माकूल, सगळं आहे. साफ करून देतात. शिनाणे (शिंपल्यांचा प्रकार) आवडत असतील तर तिथले छोटे, क्लोचिना, मे ते ऑगस्ट असतात, तुझा हंगाम चुकला. सुरमईसारखं काही शोधत बसू नकोस, जे आहे ते खा.

काजूगर

सगळ्यांचे आभार. बाबा 'बघू'वरून 'चौकशी कर'वर आलेत. व्हॅलेन्सिया, सहा महिन्यांच्या आत, घरात राहून, असं जवळजवळ ठरतंय. पाचोळा सर, रागावू नका, सालामांकाचा बेडूक शनिवार-रविवारी जाऊन शोधेन, फोटो न बघता.

आता दोन प्रश्न. सप्टेंबर मध्यापासून धरलं तर मार्चच्या मध्यापर्यंत मी तिथे. म्हणजे तिथला फायासचा उत्सव सापडेल का? आणि आई आत्तापासून डबे भरतेय. काय नेऊ देतात?

तांबडी_माती

कोर्स दोन आठवडे उशिरा सुरू कर, एवढंच सांगते. १ मार्चपासून रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात फटाके लागतात. बघायला काही नाही, नुसता आवाज, छातीत घुमतो. गल्लोगल्ली पुतळ्यांचे अवाढव्य देखावे उभे राहतात आणि १९ तारखेच्या रात्री सगळे जाळतात. लोकांनी मतं देऊन वाचवलेला एखादा पुतळा तेवढा संग्रहालयात जातो. शिमग्याला घरी नसशील याचं दुःख त्या रात्री होणार नाही. मात्र त्या दिवसांत झोप विसर, आणि खोलीचं भाडं आधीच ठरवून ठेव.

डब्यांचं: मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, तूप बाद. सुकटीच्या वासावरून माझी बॅग उघडली होती, मासा चालतो पण चर्चा होते. आमसुलं, कुळथाचं पीठ, मसाला पाकीटबंद नेला, कुणी विचारलं नाही. ताज्या फळांना दाखला लागतो, त्यामुळे हापूस नाही. गंमत म्हणजे ज्या थोड्या फळांना सूट आहे त्यांत नारळ आहे. पण सुकं खोबरं विमानात चढूच देत नाहीत, आईंना सांग.

रानमेवा

आणि हो, सोलकढीक नारळ थंय मिळतलो, पण खवणी? ती बॅगेत घालतलंस तर विमानतळार काय सांगतलंस, ता स्पॅनिशात पाठ करून जा.

काजूगर

रानमेवा काका 😂 खवणी चेक-इनमध्ये चालते का, कुणाला खरंच माहीत आहे का?